काकाचा आवाज नव्या पायथनवर चालेना

मी नकला करतो हे ज्याले माहीत आहे, तो हे वाचायले घेताना पाय पसरून, पाठीले उशी लावून, हसायची तयारी करूनच बसला असन. बसा. पण उशी जरा बाजूले ठेवा. ज्याले माहीत नाही त्यानं वर पायथनचं नाव वाचून ठरवलं असन का सातपुड्यातल्या अजगराची काहीतरी थरारक गोष्ट आहे, फुगलेलं पोट अन् आत बकरी. तेही नाही. यात बकरी नाही, प्रेमात पडणारी पोरगी नाही, अन् शेवटी मले बक्षीसही भेटत नाही. एक फाईल आहे. ती चालत नाही. एवढंच आहे. कंटाळा आला तं सांगा, आमच्या हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी जाहीर करतो.

पायथन म्हणजे कॉम्प्युटरची एक भाषा. मले ती येते असं मी जळगाव जामोदमधे सगळ्याइले सांगत असतो, कारण इथं तपासून पाहणारं कोणी नाही. स्टँडजवळ ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, तिथं मी बसतो. गिऱ्हाईक नसलं का नकला करतो, अन् नकला पाहायले म्हणून गिऱ्हाईक येते. थोडंफार पायथन मले शिकवलं ते माह्या दोस्तानं. शाळेत आम्ही एका बाकावर. मास्तरची नक्कल मी करायचो अन् मार तो खायचा, कारण हसू त्याले आवरत नसे. पुढं तो इंजिनियर होऊन पुण्याले नोकरीले लागला, मी इथंच राह्यलो.

त्याचे वडील, म्हणजे माहे काका, भाजीबाजारात हर्रास बोलायचे. शेतकऱ्यानं आणलेल्या मालाची बोली पुकारायचं काम. मिरची असो, वांगे असो, नाहीतं आमचा सांबार असो, ज्याले बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणते, काका ढिगाजवळ उभे राह्यले का त्याइचा आवाज थेट स्टँडवर ऐकू यायचा. माही पह्यली नक्कल काकाचीच. शाळेत असताना एकदा मी पोत्याइच्या मागं लपून काकाच्या आवाजात बोली पुकारली अन् एका व्यापाऱ्यानं खरंच भाव वाढवला. काका चप्पल घेऊन माह्या मागं पूर्ण बाजार धावले. धावता धावता शिव्या देत होते अन् मी पुढून त्याच शिव्या त्याच आवाजात परत देत होतो. शेवटी तेच हसत खाली बसले.

"लेका, मी मेल्यावर माही गादी तुलेच देईन," म्हणे.

मेले ते नाही. पण घसा गेला. बिडी अन् खर्रा, म्हणजे आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं का गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागन. काका म्हणे, "मंग मी बोलू कायनं?" डॉक्टर म्हणे, "जगाल ना." काका परत येताना गाडीत शेवटपर्यंत बोलत होते. उसाच्या रसवाल्याशी बोलले, कंडक्टरशी बोलले, शेजारच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसाशी बोलले. त्याले उठवून बोलले.

दोस्त सुट्टी टाकून पुण्याहून आला. मधल्या खोलीत चहूबाजूनं गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. मधात काकाले बसवलं अन् समोर माईक ठेवला. क, का, कि, की, कु, कू. पूर्ण बाराखडी. मंग शब्द, मंग आकडे, मंग हाका. काका पह्यलीतल्या पोरासारखे वाचत होते. मधेच काकू, म्हणजे दोस्ताची आई, चहा घेऊन यायची, बश्या वाजायच्या, अन् दोस्त ओरडायचा, "आई, तुह्या बशीचा आवाज बाबाच्या तोंडात जाऊन राह्यला!"

मले बसायची परवानगी होती, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. "तुहा आवाज यात घुसला तं बाबा ऑपरेशननंतर तुह्यासारखे बोलतीन बे," दोस्त म्हणे.

काका म्हणे, "त्यापेक्षा मुका बरा."

ऑपरेशन झालं. गळ्याले भोक राह्यलं, त्यावर काकू पांढरा कपडा बांधून द्यायची. दोस्तानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवला. काकानं मराठीत टाईप करायचं, कळ दाबायची, अन् त्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून काकाचा आवाज यायचा. सपाट यायचा, थोडा अडखळत यायचा, पण काकाचाच. आकडे तेवढे काकानं सवयीनं हर्रासाच्या सुरात म्हटले होते. त्यामुळं "मले दोन पोळ्या दे" असं टाईप केलं का 'दोन' असा यायचा जसा काही वांग्याचा ढीग सुटून राह्यला. काकू पदर तोंडाले लावून हसायची.

हा प्रोग्राम तिच्यासाठी कायले लागत होता ते सांगतो. काकूले वाचता येत नाही. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातली, शाळेचं तोंड पाह्यलेलं नाही. काकानं कागदावर लिहिलं काय अन् भिंतीवर लिहिलं काय, तिले सारखंच. पाणी, चहा, दार लाव, हे इशाऱ्यानं होते. पण माणसाले बायकोशी एवढंच बोलायचं असते का? भांडण इशाऱ्यात होत नाही. समजूत तं बिलकुलच काढता येत नाही.

दोस्तानं मले तवाच समजावून सांगतलं होतं. "पायथन ओळ ओळ वाचून काम करते. सोपी आहे, पण सावकाश. हे तुकडे जोडायचं काम पायथनमधे केलं तं बाबा चहा मागतीन अन् चहा थंडा झाल्यावर आवाज येईन. म्हणून जोडायचं जड काम मी सी भाषेत लिहिलं अन् मशीनले थेट समजन असं दळून ठेवलं. पायथन फक्त त्याले हाक मारते."

"दळून म्हणजे?"

"गहू माह्या लॅपटॉपमधे आहे. पीठ बाबाच्या कॉम्प्युटरमधे. मशीनले पीठच लागते बे, गहू कायले पाह्यजे तिले?"

मी म्हटलं, "हाव ना." समजलं काहीच नव्हतं.

मंग तो गेला. एका सुट्टीत आला होता, परतीची गाडी शेगावहून होती. शेगावची बस धरायले निघाला, तं काकूनं थांबवलं. "वरणफळं टाकले पोरा, दोन घास खाऊन जाय." तो जेवला. बस गेली. म्हणून घरची मोटरसायकल घेऊन निघाला, म्हणे स्टेशनवर ठेवतो, बाबाले सांग, कोणाले तरी पाठवून आणून घ्या. शेगावच्या रस्त्यावर ट्रकनं उडवला. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता. त्याचं काहीच उरलं नाही. गहू गेले.

त्या घरात त्यानंतर ट्रकचं नाव निघालं नाही, वरणफळाचं निघालं नाही. काकूनं वरणफळं करायचं सोडलं. ती मनात काय धरून बसली ते आंधळ्यालेही दिसत होतं. काका कॉम्प्युटरसमोर बसायचे, खटखट टाईप करायचे, पुसायचे, अन् आवाज यायचा, "चहा." नाहीतं "लाईट बंद कर." मेलेल्या पोरानं जोडलेल्या आवाजात जिवंत बाप चहा मागत होता अन् माय तो चहा करून आणत होती. मी तिथं गेलो का एकही नक्कल सुचत नसे.

मंग तो कॉम्प्युटरही गेला. लाईन गेली, आली, पुन्हा गेली, अन् शेवटी आली ती जोरात आली. डब्यातून धूर. रिपेअरवाल्यानं "कामाचं तेवढं" पेनड्राईव्हमधे काढून दिलं, म्हणजे दोस्ताचं फोल्डर, रेकॉर्डिंगसकट. बाकी डिस्क साफ करून टाकली, विचारलंही नाही. काकूच्या भाच्यानं त्याचा वापरलेला लॅपटॉप आणून दिला. काकू तो दोन्ही हातात धरून माह्या दुकानात आली, जसं काही लेकरू दवाखान्यात आणलं.

"तुह्या दोस्ताचं आहे. तू लाव."

भाच्यानं आधी मोबाईलमधला मराठी बोलणारा आवाज लावून पाह्यला होता. त्यातून एक बाई बोलली. काकू म्हणे, "ही कोण वं बया माह्या घरात? बंद कर मेलीले." काकानंही नाही म्हणून मान हलवली.

मले वाटलं, कायचं काय काम आहे. नवीन पायथन टाकला, एकदम ताजा. फोल्डर ठेवलं. चालवलं. तं तो म्हणते, जोडणी नावाचं काही इथं नाहीच. जोडणी म्हणजे दोस्तानं दळून ठेवलेली ती पिठाची फाईल. अबे, समोर पडलं आहे! मले दिसते, तुले दिसत नाही? त्या फाईलीच्या नावामागं अक्षराइची अन् आकड्याइची एक लांब शेपूट होती. मी नकला करणारा माणूस, मले वाटलं नाव बदललं का माणूस बदलते. शेपूट कापली. आता त्याले फाईल दिसली, पण घशाखाली उतरेना. म्हणे, ही या मशीनची नाही. मंग मी इंटरनेटवरून जुन्या पायथनचा एक तुकडा आणून तिच्या शेजारी ठेवला अन् दुसरा पायथन टाकला, तं याच्यापेक्षा वाईट झालं. खिडकी उघडली अन् बंद झाली. ना लाल अक्षरं, ना शिवी, ना कारण. इंटरनेटवर एकानं लिहिलं होतं का पायथन वाचणारे वेगवेगळे असतात, एक दुसरा आहे तो लय पळते. त्याले फाईल दिली. त्यानं तं ओळखही दाखवली नाही.

रोज दुकान बंद केलं का मी काकाच्या घरी जायचो, नाही चाललं हे सांगायले. काकू दारातच उभी राहायची. तिच्या चेहऱ्याकडं पाहून एक दिवस मी म्हटलं, "काकू, आज काय म्हणायचं आहे काकाले? पाटी आणा."

काकानं पाटीवर लिहिलं. मी पाटी वाचली. काकाच्या आवाजात.

काकूच्या हातातलं पातेलं तसंच राह्यलं. काकाही चमकले. लिहिलं होतं, "भाजीत मीठ कमी आहे." मी काकाच्या जुन्या आवाजात म्हटलं, हर्रासाच्या, वर चढणाऱ्या. काकू म्हणे, "माय वं!" अन् मंग हसली. इतकी हसली का खाली बसली. पोरगा गेल्यापासून मी तिले हसताना पाह्यलं नव्हतं. काकाचेही खांदे हलून राह्यले होते, त्याइचं हसणं आता तेवढंच होतं.

त्या दिवसापासून माहं तेच काम. काका लिहीत, मी वाचत. काकू उलट उत्तर देई, "सांग त्याइले, मीठ बराबर आहे, जीभ खर्ऱ्यानं जळाली." मी म्हणे, "काकू, ते बहिरे नाही, मुके आहेत, तुम्हीच सांगा ना." वर्षाचं भांडण तुंबलं होतं, ते वाहायले लागलं. अन् मी? मी नकलाकार. जेवढं लिहिलं तेवढंच म्हणणारा नकलाकार असते का कुठी? पाटीवर "चहा" असे अन् मी म्हणे, "अवं, तुह्या हातचा चहा पाज, दिवसभर तोंडाले चव नाही." काका माह्याकडं डोळे मोठे करून पाहत, पण पाटी पुसून टाकत. काकू लाजे. म्हणे, "आजकाल लय गोड बोलून राह्यले बाप्पा."

फाईल राह्यली बाजूले. खरं सांगतो, मले घाई नव्हती.

मंग तो दिवस आला. काकू चुलीकडं तोंड करून बसली होती. घरात गॅस आहे, पण भाजी-भाकर तिले चुलीवरचीच लागते. बाहेर एक मोटरसायकल गेली. ती आवाज संपेपर्यंत थांबली अन् तशीच, पाठ न वळवता म्हणे, "त्या दिवशी मी त्याले जेवायले थांबवलं नसतं तं बस भेटली असती. माह्या वरणफळानं माहं लेकरू नेलं. तुमच्याही मनात तेच आहे. मले माहीत आहे. म्हणा एकदा. म्हणून मोकळे व्हा."

काका लिहायले लागले. खडू घाईत कच कच वाजत होता. मी पाटीकडं पाह्यलं. लिहिलं होतं, "भाजी करपून राह्यली."

मी काकाच्या आवाजात म्हटलं, "तुहा काही दोष नाही वं. तू माय आहे. माय जेवू घालतेच. माह्या मनात असलं काहीच नाही, कधीच नव्हतं."

ह्या वेळी हर्रासाचा सूर नव्हता. काका घरात, गोधडीत, पोराले झोपवताना जसे बोलत असतीन, तसा आवाज. तो मी कधी ऐकला नव्हता. कुठून आला माहीत नाही.

भाजी खरंच करपली, पूर्ण खोलीत वास भरला. मंग काकू रडली. मोठ्यानं, जमिनीवर हात टेकून, जसं मौतीच्या दिवशीही रडली नव्हती. रडून झाल्यावर उठली, तोंड धुतलं, भाजी फेकली अन् नवीन टाकली. जाता जाता काकाच्या खांद्यावर हात ठेवला. काका पाटी मांडीवर उलटी धरून बसले होते. माह्याकडं त्याइनं पाह्यलं नाही. मी चप्पल घातली अन् निघालो.

त्यानंतर मी तिकडं जाऊच शकत नव्हतो. दुकानात बसलो अन् त्या फाईलीच्या मागं लागलो. पेनड्राईव्हमधे मूळ फाईल होती, शेपटीसकट. मी ती शेपूट पह्यल्यांदा नीट वाचली. ती काही दोस्तानं लिहिली नव्हती, दळताना आपोआप पडते. त्यात सगळं होतं. कोणत्या पायथनसाठी दळली, कोणत्या जातीच्या मशीनसाठी दळली. तीन पॉइंट सात. बत्तीस बिट. जसं बोल्टाले आटे पाडताना कोणत्या नटासाठी पाडले तो आकडा ठोकून ठेवतात. नट सगळे दिसायले सारखे, पण दुसऱ्यात फिरवायले गेलं का एकतर जात नाही, नाहीतं जाते अन् आटे खाऊन टाकते. मी ती शेपूट कापून जगभरचे नट फिरवून पाहत होतो. फाईल बदलता येत नव्हती, गहू नव्हते. वाचणाराच जुना आणायचा होता.

जुना पायथन इंटरनेटवर भेटला, अजून ठेवलेला होता. नव्याले हात न लावता, त्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमधे बसवला. त्याच्या वयाचे बाकीचे तुकडेही शोधून त्याच्यातच टाकले. फाईल शेपटीसकट ठेवली. चालवलं. खिडकी बंद झाली नाही. अन् काळ्या पडद्यावर एक ओळ आली. इंग्रजी अक्षरात, पण आपल्या भाषेत.

"अबे, बाबाचा आवाज कुठी ठेवला?"

मी मागं वळून पाह्यलं. खरंच पाह्यलं. दुकानात एक म्हातारा आधारकार्ड घेऊन बसला होता.

रेकॉर्डिंगचं फोल्डर जुन्या कॉम्प्युटरवर वेगळ्या जागी होतं, ते सापडत नव्हतं म्हणून दोस्ताच्या जोडणीनं तक्रार केली होती. चूक झाली का काय म्हणायचं ते त्यानं स्वतःच्या शब्दात लिहून, पिठात मळून ठेवलं होतं. मी ती दळलेली फाईल नोटपॅडमधे उघडली. सगळा कचरा, चौकोन, उलटेसुलटे चिन्हं. त्याच्या मधामधात तो. "एवढं लांब वाक्य? बाबा, श्वास घ्या." खाली, "हे अक्षर तुम्ही म्हटलंच नाही, आता आईले विचारा." अजून खाली, "जागा संपली. आता काय करू, तुम्हीच सांगा." ज्या चुका कधी झाल्याच नाही, त्याच्यासाठी त्यानं बोलून ठेवलं होतं. कोणी ऐकलं नाही. मले त्याचा आवाज काढता येतो, शाळेपासून येतो. पण मी तोंड उघडलं नाही. म्हातारा म्हणे, "काय झालं बाप्पा, सर्व्हर डाऊन आहे का?" मी म्हटलं, "हाव."

जोडणीले रेकॉर्डिंगची नवी जागा दाखवली अन् लॅपटॉप घेऊन मी काकाच्या घरी गेलो. काकूनं पाट मांडला, त्यावर धुतलेला टॉवेल टाकला, त्यावर लॅपटॉप ठेवला. काका समोर बसले. खटखट केलं, कळ दाबली.

"चहा."

सपाट, अडखळता, तसाच. काकूनं लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवला, जसा डोक्यावरून फिरवतात. म्हणे, "दूध आणते." तांब्या घेऊन शेजारी गेली.

ती दाराबाहेर पडली तसे काका उठले, दार लोटलं, लॅपटॉपचा आवाज कमी केला अन् टाईप करायले लागले. मले वाटलं, शाबासकी येऊन राह्यली.

"लेका, तुले अक्कल आहे का."

मी सरळ झालो.

"पाटीवर भाजी लिहिली होती. तू काय वाचलं."

"काका, चुकलं माहं."

"चूप बस. माहं होऊ दे."

पुढचं वाक्य यायले वेळ लागत होता. काका एका बोटानं टाईप करतात. शिवी खायले असं हात बांधून वाट पाहत बसावं लागते हे मले तवा समजलं. खटखट. थांबले. खटखट.

"ते वाक्य तुहं नव्हतं. माहं होतं. पोरगा गेला तवापासून जुना कॉम्प्युटर जळेपर्यंत मी ते रोज टाईप केलं. तिच्या समोर बसून. पडद्यावर लिहिलेलं असे, ती पाहे, तिले वाचता येत नाही. मंग मी पुसून टाके."

"काऊन पुसत होते काका?"

"पोरानं बनवलेल्या मशीनमधून पोराच्या मरणाचं बोलायचं होतं. कळ दाबायची हिंमत होत नव्हती. उद्या दाबीन, उद्या दाबीन, असं करत होतो. त्या दिवशीही तोंडावर आलं तं हातानं भाजी लिहिली. ती माही गोष्ट आहे. तुले कोणी बोलावलं मधात."

मी म्हटलं, "मंग आता दाबा ना. आता तं चालू झालं."

मंग लय वेळ खटखट चालली. बाहेर काकू शेजारणीशी बोलत होती, तिचा आवाज येत होता.

"आता कसा दाबू. तिच्या हिशोबानं मी ते म्हणून बसलो. पुन्हा म्हटलं तं ती म्हणन, काहो, पुन्हा पुन्हा काऊन सांगता, मनात काही आहे का. तिले सांगशीन का तो तू होता, तं टांग तोडीन. तिले झोप लागून राह्यली. लागू दे. पण माह्या घरात माह्या आवाजात पुन्हा तोंड उघडायचं नाही. सगळ्या गावाच्या नकला कर, माही नाही. एकच गोष्ट होती मले तिले सांगायची, तेवढीही तू बोलून बसला. आता मी ते कधीच म्हणू शकत नाही, समजते का तुले. ऊठ. वायर नीट लाव अन् जाय."